हुकमालाही कुंपण असतं

गावात सरकार कुठं दिसतं? मंत्रालय मुंबईला आहे. दिल्ली त्याहून लांब. गावात सरकार दिसतं ते माणसांच्या रूपानं. तलाठी येतो. ग्रामसेवक येतो. कधी मंडळ अधिकाऱ्यांची गाडी चावडीपुढं थांबते. तालुक्याला गेलं की तहसीलदार आणि फौजदार भेटतात. (या लोकांची नावं सरकार अधूनमधून बदलतं. मामलेदाराचा तहसीलदार झाला. २०२४ साली तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकाला 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नवं नाव मिळालं. गावात अजून तलाठीच म्हणतात. आम्हीही इथं तसंच म्हणू.)

या माणसांच्या हाती सत्ता असते. त्यांच्या एका सहीनं सातबारावर नाव चढतं, एका सहीनं उतरतं. रेशनकार्ड मिळतं किंवा बंद होतं. घर पाडलं जातं. माणूस कोठडीत जातो. मग लोकांना वाटतं, साहेब म्हणतील ती पूर्व दिशा. आपण गरिबानं काय बोलावं?

पण साहेबाच्या सत्तेला कुंपण आहे, आणि ते कायद्यानं घातलेलं आहे. ते कुठं कुठं आहे आणि कुणी मोडलं तर काय करायचं, हे आम्ही इथं सांगणार आहोत. थोडं लांबेल. एका बैठकीत वाचून झालं नाही, तर दोन बैठकांत वाचा.

सत्ता येते कुठून?

आधी एक साधी गोष्ट घेऊ. समजा, तुम्ही तापानं अंथरुणावर पडला आहात. बैल तर विकायचा आहे. तुम्ही शेजाऱ्याला सांगितलं, "बाजारात जा आणि माझा तांबडा बैल विकून ये. चाळीस हजाराच्या खाली मात्र देऊ नको." शेजारी गेला. त्यानं बैल पंचवीस हजाराला देऊन टाकला. वर तुमची गाडीही विकून आला. आणि म्हणतो कसा, "तुमच्याच कामाला गेलो होतो की!" तुम्ही हे मान्य कराल का? नाही करणार. बैल विकायचा अधिकार त्याला तुम्ही दिला होता. गाडीचा दिला नव्हता. आणि बैलाचा दिला होता तोही एका अटीवर.

अधिकाऱ्याचं असंच आहे. त्याची सत्ता त्याच्या घरची नाही. ती कायद्यानं दिलेली आहे. आपल्या देशाची राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाली. त्या घटनेप्रमाणे लोकांनी निवडून दिलेली सभा कायदा करते. कोणी काय करायचं, कसं करायचं आणि कुठवर करायचं, हे तो कायदा सांगतो. जमिनीच्या कारभाराचा आपला कायदा १९६६ सालचा आहे. त्याला 'महाराष्ट्र जमीन महसूल संहिता' म्हणतात. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ सालचा आहे. तलाठी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर या सगळ्यांनी जमिनीच्या बाबतीत जे करायचं, ते या संहितेच्या बळावर करायचं. संहितेत नसलेली सत्ता कलेक्टरलाही नाही.

करांचंच बघा. घटनेत २६५ नंबरचं कलम आहे. कायद्याचा आधार असल्याशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही, असं ते सांगतं. म्हणून ग्रामपंचायतीनं नवी पट्टी मागितली, तर 'ही कोणत्या कायद्याखाली?' असं विचारायला हरकत नाही. विचारणं म्हणजे भांडण नाही. आधार असेल तर पट्टी भरा आणि पावती घ्या. आधार असताना न भरणं हेही कायद्यात बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तेव्हा रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि ते पुणं सोडून गेले, अशी ती हकीकत आहे. शास्त्रीबुवांचा बाणेदारपणा मोठा, यात शंका नाही. पण नीट पाहिलं तर ती गोष्ट थोडी दुःखाचीही आहे. पुणं सोडावं लागलं ते न्यायाधीशाला. राज्यकर्त्यावर बजावता येईल असा हुकूम काढण्याची सोय तेव्हा नव्हती. आज घटनेच्या २२६ व्या कलमानं ती सोय उच्च न्यायालयाला, म्हणजे हायकोर्टाला, दिली आहे. सरकारी हुकूम कायद्याबाहेरचा असेल तर हायकोर्ट तो रद्द करतं. जे काम करायला अधिकारी बांधलेला आहे ते तो करत नसेल, तर 'कर' म्हणून हुकूमही देतं.

आधी ऐका, मग ठरवा

कुंपणाची सर्वांत भक्कम बाजू ही आहे. एखाद्याचं नुकसान होईल असा हुकूम काढण्याआधी त्याला कळवलं पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. कळवण्याच्या कागदाला आपण नोटीस म्हणतो. नोटीस आली की आपल्याकडं माणसं घाबरतात. काही जण ती घेतच नाहीत. खरं पाहिलं तर नोटीस ही तुम्हाला बोलायला दिलेली संधी आहे. ती नाकारली तर आपणच आपलं तोंड बांधून घेतल्यासारखं होतं.

फेरफाराचं उदाहरण घेऊ. हे घरोघरी घडतं.

समजा, बाप वारला. मागं आई, दोन भाऊ आणि एक बहीण आहे. थोरला भाऊ पुण्याला कारखान्यात आहे. बहीण लग्न होऊन परगावी नांदते. धाकटा गावी शेती करतो. तो तलाठ्याकडं गेला आणि म्हणाला, "माझं एकट्याचं नाव लावा. दादा काय पुण्याचाच झाला. बहिणीला तर काहीच नको आहे."

आता तलाठ्यानं काय करायचं? कायदा त्याच्या मर्जीवर सोडत नाही. १९६६ च्या संहितेचं १५० वं कलम सांगतं की तलाठ्यानं फेरफाराच्या वहीत नोंद केली, की त्याच वेळी तिची पूर्ण नक्कल चावडीत सर्वांना दिसेल अशी लावायची. शिवाय त्या जमिनीशी ज्यांचा संबंध दप्तरात दिसतो, त्या सगळ्यांना लेखी कळवायचं. एवढ्यावर थांबायचं नाही. दप्तरात नाव नसलं, पण अमक्याचा यात संबंध आहे असं तलाठ्याला वाटायला कारण असेल, तर त्यालाही कळवायचं. परगावी नांदणारी बहीण इथं येते. तिचं नाव सातबारावर अजून चढलेलं नाही. पण ती बापाची मुलगी आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे, मग तलाठ्याला कसं माहीत नसेल?

'बहिणीला काही नको' हे भावानं सांगून चालत नाही. तिला खरोखरच हक्क सोडायचा असेल तर तो तिनं स्वतः सोडायचा असतो. त्याचा दस्त होतो आणि तो सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नोंदवावा लागतो. भावाच्या तोंडच्या शब्दावर बहिणीचा हक्क पुसायची सत्ता तलाठ्याला नाही. तहसीलदारालाही नाही. आम्हाला वाटतं, या एका गोष्टीच्या अज्ञानामुळं आपल्याकडं जितक्या बहिणी जमिनीवरून उठल्या, तितक्या दुसऱ्या कशानं उठल्या नसतील.

बरं, नोटीस मिळाली. थोरल्या भावाला किंवा बहिणीला ही नोंद मान्य नाही. मग हरकत घ्यायची. हरकत लेखी देता येते, तोंडीही देता येते. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. हरकत आली की तलाठ्यानं ती तक्रारींच्या वेगळ्या वहीत लिहायची आणि हरकत घेणाऱ्याला तिथल्या तिथं लेखी पोच द्यायची. 'पोच' म्हणजे तुमची हरकत मिळाली असं लिहून दिलेला कागद. तो घेतल्याशिवाय चावडीतून उठू नका. पुढं सगळं त्या कागदावर चालतं.

एकदा हरकत आली, की निकाल द्यायचं काम तलाठ्याचं राहत नाही. तो निकाल त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानं द्यायचा असतो. दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या आणि शक्यतो एका वर्षाच्या आत निकाल द्यायचा. तलाठ्यानं 'मी बघतो, मिटवतो' म्हटलं तरी ते त्याच्या कुंपणाबाहेरचं आहे. आता फेरफार संगणकावर होतात. काही जण म्हणतात, संगणकानं आपोआप झालं, आम्ही काय करणार! संगणक आला म्हणून नोटीस द्यायचं कलम काही रद्द झालेलं नाही.

इथं एक गोष्ट जाता जाता सांगतो. सातबारावर नाव चढलं म्हणजे मालकी कायमची ठरली, असं नाही. नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकीचा शेवटचा निकाल दिवाणी कोर्ट देतं.

'वरून फोन आला'

कचेरीत पुष्कळदा हे वाक्य ऐकू येतं. "मला तुमचं पटतं हो, पण काय करू, वरून फोन आला." ऐकणाराही मान डोलावतो आणि परत फिरतो. वरून सांगितलं म्हटल्यावर इलाज काय?

यावर आपल्या मुंबईचाच एक जुना खटला आहे. वकील मंडळी आजही त्याचं नाव काढतात. गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना अंधेरीत सिनेमाचं थिएटर बांधायचं होतं. १९४५ साली त्यांनी परवानगी मागितली. ती नाकारली गेली. पुढं अंधेरी बृहन्मुंबईत आली आणि परवानगी देण्याचा अधिकार मुंबईच्या पोलिस कमिशनरांकडं गेला. गोरधनदासांनी पुन्हा अर्ज केला. जुलै १९४७ मध्ये कमिशनरांनी परवानगी दिली. दोनच महिन्यांनी, सप्टेंबरात, त्यांच्याकडूनच दुसरं पत्र आलं. 'सरकारच्या आज्ञेवरून तुम्हाला कळवण्यात येतं की तुमची परवानगी रद्द केली आहे', असा त्याचा मतलब होता.

गोरधनदास हायकोर्टात गेले आणि जिंकले. मग प्रकरण दिल्लीला सुप्रीम कोर्टात गेलं. १९५१ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. कोर्टानं पाहिलं की नियमाप्रमाणे परवानगी रद्द करण्याचा अधिकार कुणाचा? कमिशनरांचा. सरकारचा नाही. मग कमिशनरांनी स्वतः विचार करून ठरवलं का? पत्रात तर लिहिलं आहे, 'सरकारच्या आज्ञेवरून'. म्हणजे ज्याच्या हाती अधिकार दिला, त्यानं डोकं चालवलं नाही. ज्याच्या हाती दिला नव्हता, त्यानं ठरवलं. असा हुकूम कायद्यात टिकत नाही.

पुढं कमिशनरांच्या प्रतिज्ञापत्राच्या आधारानं असं म्हणून पाहिलं, की निर्णय तसा कमिशनरांचाच होता. कोर्टानं ते ऐकलं नाही. सरकारी हुकूम लोकांसाठी काढलेला असतो. त्यात जे लिहिलं आहे तेच धरायचं. मागाहून मनातलं सांगून त्याला ठिगळ लावता येत नाही.

मग कोर्टानं थिएटर बांधायला सांगितलं का? तसंही नाही, आणि ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कोर्टानं कमिशनरांना सांगितलं की आता तुम्ही स्वतः सगळ्या बाजूंचा विचार करा आणि परवानगी ठेवायची की काढायची याचा स्पष्ट हुकूम तुमच्या अकलेनं काढा. थिएटर चांगलं की वाईट, हे कोर्टानं ठरवलं नाही. अधिकाऱ्याचं काम कोर्ट आपल्या अंगावर घेत नाही. ते काम कायद्याच्या वाटेनं झालं का, एवढं बघतं.

म्हणून 'वरून फोन आला' असं कुणी म्हटलं, तर वाद घालू नका. शांतपणे म्हणा, "ठीक आहे साहेब, मग नाकारण्याचं कारण लिहून हुकूम द्या." फोनवरचं बोलणं हवेत जातं. कागदावर कारण लिहायचं म्हटलं की पुष्कळ जण दुसऱ्यांदा विचार करतात.

कुंपणच शेत खाऊ लागलं तर

आपल्याच कामाचा न्याय आपणच करायचा नाही, असाही एक नियम आहे. हा नियम गावच्या पंचांनाही ठाऊक असतो. पण मोठमोठे लोकही कधी तो विसरतात.

साठ सालानंतरची गोष्ट आहे. देशात वन खात्याची नवी केंद्रीय नोकरी सुरू झाली. तिच्यासाठी राज्याराज्यांतून अधिकारी निवडायचे होते. जम्मू आणि काश्मीरमध्ये त्यासाठी निवड मंडळ बसलं. त्या मंडळावर तिथल्या वन खात्याचे मुख्य अधिकारी होते. आणि गंमत अशी, की ते स्वतःही उमेदवार होते! त्यांचं नाव निघालं तेव्हा ते बाजूला झाले. पण त्यांच्याशी ज्यांची चढाओढ होती, त्यांची नावं निघाली तेव्हा ते बसून होते. यादी तयार झाली. तीत त्यांचं नाव सर्वांत वर.

ज्यांना डावललं होतं ते सुप्रीम कोर्टात गेले. सरकार म्हणालं, ही कचेरीतली निवड आहे, हा काही कोर्टातला न्याय नव्हे. इथं न्यायाचे नियम कशाला? १९६९ साली कोर्टानं निकाल दिला. कचेरीतला हुकूम असो की कोर्टातला निवाडा, माणसाचं भलंबुरं दोन्हींकडं होतं. तेव्हा सचोटीचा नियम दोन्हींकडं लागणार. ती निवड रद्द झाली. या निकालाला क्रैपाक खटला म्हणतात.

गावात याचा अर्थ काय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्याच्या गोठ्याच्या भिंतीबद्दल तक्रार आहे, तोच चौकशीला बसला तर ती चौकशी कुठली?

घाई कुणाला आणि कशाची?

शेतकऱ्याला सर्वांत भारी पडतो तो भूसंपादनाचा हुकूम. रस्ता, धरण, कारखाना यांसाठी सरकार जमीन घेतं. तशी सत्ता सरकारला आहे, आणि असायलाही हवी. धरण हवेत बांधता येत नाही. पण तिलाही कुंपण आहे.

पूर्वी १८९४ चा इंग्रजांच्या काळचा कायदा होता. त्यात जमीनमालकाला ३० दिवसांत हरकत घेता येत असे. पण एक पळवाटही होती. फारच निकड असेल, तर सरकार ही सुनावणी वगळू शकत असे. निकड म्हणजे तातडीची गरज. सरकारी कचेऱ्या ही पळवाट सढळ हातानं वापरू लागल्या. महाराष्ट्रातल्या काही जमीनमालकांची जमीन वस्तीसाठी आणि उद्योगांसाठी घ्यायची होती. तिथंही निकड दाखवून सुनावणी गाळली. मालक कोर्टात गेले. १९७६ साली सुप्रीम कोर्टानं विचारलं की वसाहत उभारायला वर्षं लागतात, मग मालकांचं ऐकायला ३० दिवस काढता येत नाहीत, अशी कोणती निकड होती? सरकारला सांगता आलं नाही. सुनावणी गाळण्याचा हुकूम टिकला नाही.

त्या जुन्या कायद्याच्या जागी २०१३ चा नवा कायदा आला. १ जानेवारी २०१४ पासून तो चालू आहे. त्यात पहिली अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला ६० दिवस मिळतात. अधिसूचना म्हणजे सरकारनं छापून जाहीर केलेली सूचना. मात्र राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल, तर १९५६ चा वेगळा कायदा लागतो. तिथं हरकतीची मुदत फक्त २१ दिवस आहे. तीन आठवडे म्हणजे काय हो, सोयाबीनच्या काढणीत कधी गेले ते कळतही नाही. तेव्हा गावच्या चावडीवर किंवा वर्तमानपत्रात महामार्गाची सूचना दिसली, की आपला गट नंबर आहे का ते त्याच दिवशी बघा. मुदत गेल्यावर हरकत फार दुबळी होते.

घर पाडण्याच्या बाबतीतही असंच आहे. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या मुलखाला धाडायचं सरकारनं ठरवलं. ती माणसं गावाकडूनच पोटासाठी गेलेली होती. त्यांच्यापैकी काही जण आणि ओल्गा टेलिस या पत्रकार बाई कोर्टात गेल्या. १९८५ साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला. मुख्य न्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. घटनेनं प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे, आणि पोटापाण्याचं साधन काढून घेतलं तर माणूस जगणार कसा, असं कोर्टानं म्हटलं. म्हणून हटवण्याआधी नोटीस द्यावी, त्यांचं ऐकावं.

पण त्याच निकालात कोर्टानं हेही सांगितलं, की फुटपाथ चालण्यासाठी आहे. तिथं घर करण्याचा हक्क कुणाला नाही. झोपड्या हटल्याच. फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कायदा नोटीस देतो, ऐकून घ्यायला लावतो. तुमची बाजू मुळातच पडकी असेल, तर ती उभी करून देत नाही. गायरानात अतिक्रमण करून वर 'मला नोटीस पाहिजे' म्हणणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. नोटीस मिळेल. जागा मिळेलच असं नाही.

अलीकडं काही राज्यांत एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आला की लगेच त्याचं घर पाडण्याचे प्रकार झाले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टानं त्यावर कडक निकाल दिला. निकाल देणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी भूषण गवई हे आपल्या अमरावतीचे. गुन्हेगार कोण, हे ठरवायचं काम कोर्टाचं आहे. ते अधिकाऱ्यानं बुलडोझर घेऊन करायचं नाही. बांधकाम बेकायदा असलं तरी निदान १५ दिवसांची नोटीस दिली पाहिजे. ती रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि घरावरही चिकटवायची. घरात म्हातारी असते, लेकरं असतात. आरोप एकावर आणि छप्पर सगळ्यांचं जातं, हे कोर्टानं पाहिलं. रस्त्यावर, फुटपाथवर किंवा नदीच्या पात्रात केलेल्या बेकायदा बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही.

पोलिसांविषयी दोन शब्द

हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळं पुस्तक होईल. इथं एवढंच. माणसाला पकडलं तर का पकडलं ते त्याला सांगावं लागतं. चोवीस तासांच्या आत, वाटेचा वेळ सोडून, त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. हे घटनेच्या २२ व्या कलमात आहे. बाईला सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी अटक करता येत नाही. फारच वेगळं कारण असलं तर महिला अधिकाऱ्यानं मॅजिस्ट्रेटची लेखी परवानगी आधी काढावी लागते. साक्षीदार म्हणून बाईला, साठीच्या वरच्या माणसाला किंवा पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला ठाण्यावर बोलवायचं नसतं. पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन विचारायचं असतं.

कुंपण मोडलं तर काय करायचं?

पहिली गोष्ट म्हणजे कागद मिळवा. हुकूम लेखी आहे का? त्याची नक्कल घ्या. खाली सही कुणाची, तारीख कोणती, कोणतं कलम लिहिलं आहे, कारण काय दिलं आहे, ते वाचा. स्वतः वाचा. दुसऱ्याकडून वाचून घेतलं, की त्याला हवं तेवढंच तो वाचतो.

कागद देत नसतील, तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. दहा रुपये फी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. 'माझ्या गटाच्या अमुक नंबरच्या फेरफाराच्या नोटिसा कुणाकुणाला, कधी आणि कशा बजावल्या, त्यांच्या नकला द्याव्यात', एवढं लिहिलं तरी पुरतं. लांबलचक गाऱ्हाणं त्यात लिहू नका. ते गाऱ्हाणं अपिलात लिहायचं.

अपील म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडं दाद. तहसीलदाराच्या हुकमावर प्रांताकडं, प्रांताच्या हुकमावर कलेक्टरकडं. यासाठी हुकूम हाती आल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडं म्हणतात. त्या म्हणीत खर्चाचं आणि खेट्यांचं दुःख आहे, ते खोटं नाही. पण प्रांताकडचं अपील हे कोर्ट नव्हे. तिथं साधी माणसंही आपला अर्ज घेऊन उभी राहतात. आणि मुदत चुकवली तर मग मात्र खरोखरच मोठ्या पायऱ्या चढाव्या लागतात.

हुकूमच निघत नाही, अर्ज नुसता पडून आहे, असंही होतं. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण काही उगीच पडली नाही. त्यासाठी २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा आणि तो देणारा अधिकारी कोण, याचा फलक प्रत्येक कचेरीत लावावा लागतो. कारण नसताना उशीर केला, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुढच्या वेळी कचेरीत गेलात की आधी भिंत बघा. फलक बहुधा कपाटाच्या मागं असतो.

हायकोर्टाची वेळ आलीच तर मुंबईलाच जावं लागतं असं नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) इथं त्याची खंडपीठं आहेत. गोव्याच्या लोकांसाठी पर्वरीला आहे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही हायकोर्टाचं काम सुरू झालं आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून पुष्कळ जण थांबतात. १९८७ च्या कायद्यानं फुकट वकील मिळण्याची सोय केली आहे. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल किंवा कोठडीत असलेला असेल, तर उत्पन्न किती हे विचारत नाहीत. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात 'तालुका विधी सेवा समिती' कुठं बसते, एवढं विचारा. अर्ज तुम्ही स्वतः लिहून द्या. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं म्हणणं ऐकून तिथलीच माणसं अर्ज भरून घेतात.